अनुभव धागा: तू कोणत्या पार्टीचा?

गावात नवखा माणूस आला की दोनच गोष्टी विचारतात: कोणाच्या घरचा, अन् कोणत्या पार्टीचा. जात तर आडनावातच कळते. कोणाच्याच बाजूचं नसणाऱ्याचं गावात कसं निभतं? विदर्भातल्या खेड्यांतल्या मंडळींनी स्वतःचे अनुभव लिहावेत. नेत्यांचा उद्धार दुसरीकडे करा.

दर्यापूर तालुका, शेतकरी
ग्रामपंचायतीत मी कोणाच्याच पॅनलचा प्रचार केला नाही. वाटलं, सुटलो. सोयाबीनची गंजी लागली, वरून आभाळ आलेलं. थ्रेशरवाला म्हणे, "भाऊ, आज जमत नाही, सरपंचाचं काढून राह्यलो." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कोणी भांडलं नाही, शिवी दिली नाही, चहासुद्धा पाजला. फक्त मशीन रिकामी नव्हती. ताडपत्रीखालची खालची पेंढी हाताला गरम लागायला लागली, तेव्हा शेजारच्या गावातून जास्त भावानं मशीन आणली.
पुढं बाबा गेले, तर लाकडं गावातल्याच त्या थ्रेशरवाल्याच्या ट्रॅक्टरवर आली. डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. आता याला चांगला म्हणू का वाईट? मी त्याच्याशी बोलतो. मत कोणाला दिलं ते अजूनही सांगत नाही.

यवतमाळ जिल्हा, गृहिणी
मला कोणी विचारलंच नाही. सासरे ज्या पार्टीचे, त्यात मी लग्नाच्या दिवसापासून धरलेली. पण आमच्या बचत गटात दोन्हीकडच्या सुना आहेत. एकीचा हप्ता थकला तर बँकेत साऱ्यांचंच नाव खराब, म्हणून तिथं पार्टी चालत नाही. पुरुषांना हे पटत नाही, पण हप्त्याच्या दिवशी पैसे मात्र तेच काढून देतात.

दारव्हा
आमच्याकडे मानाच्या बैलावरून पोळ्याचे दोन भाग झाले. आता दोन तोरणं बांधतात, झडत्याही (पोळ्यात म्हणतात ती गाणी) एकमेकांवरच. बैल मात्र जुन्याच रस्त्यानं जायला बघतात!

धानोरा तालुका, गडचिरोली
जवळचं मेंढा (लेखा) बघा. तिथल्या ग्रामसभेत बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरवतात. एक जण अडला तर चर्चा पुढच्या सभेत. वेळ लागतो, बाहेरच्याला कंटाळवाणंही वाटेल. पण याच गावानं 2009 मध्ये जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला अन् 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही. एकट्याचा नकार ऐकून घेतल्यानं गाव अडून राहतं, असं निदान तिथं तरी झालं नाही. आमच्या गावात मात्र हात वर करायच्या आधी शेजाऱ्याचा हात बघतात.

वकील, वर्धा
जात पंचायतीनं किंवा समाजानं वाळीत टाकणं हा 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दर्यापूरच्या भाऊंची मशीन "रिकामी नव्हती", त्याला कोणतं कलम लावता?

गावाबाहेर, सध्या पुण्यात
गावाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन आहेत. मी दोन्हीत. एकात निधनाची बातमी सकाळी येते, दुसऱ्यात दुपारी. परवा एका अ‍ॅडमिननं विचारलं, "इकडचं तिकडं टाकतोस का बे?" म्हटलं, टाकतो. मयतीला जायचं कसं, नाहीतर?