मदत हवी आहे : दारावर 'सी/एसआर' लिहिलेली रोडस्टर कोणत्या वर्गात धरावी?

चौथा गिअर :
नमस्कार. मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला राहतो. शेजारच्या आजोबांच्या पश्चात त्यांच्या मुलीने गॅरेजमधील ड्रॅग रेसिंगची (सरळ पट्टीवरच्या पाव मैलाच्या शर्यतीची) जुनी रोडस्टर, म्हणजे उघडी गाडी, मला विकली. बॉडी १९२९ च्या फोर्ड मॉडेल एची आहे, खाली १९३२ च्या फोर्डची चासी आहे आणि दारावर पुसट पांढऱ्या रंगात 'सी/एसआर' अशी अक्षरे आहेत. मार्चमध्ये बेकर्सफील्डजवळ फमोसोला जुन्या गाड्यांची 'मार्च मीट' भरते, तेथे ही गाडी पाव मैल पळवावी अशी माझी इच्छा आहे. अर्जातील वर्गाच्या रकान्यात काय लिहावे, एवढेच कृपया कळवावे. दाराची तीन छायाचित्रे जोडली आहेत. हातात वेळ थोडा आहे, त्यामुळे इतिहास नको, उत्तर हवे आहे.

इंचटेप :
दाराची छायाचित्रे तीन आणि इंजिनाचे एकही नाही! इंजिन किती घन इंचांचे आहे, गाडीचे वजन किती पौंड आहे आणि ती साधारण कोणत्या वर्षी धावत होती, हे कळल्याशिवाय कोणीही काही सांगू शकणार नाही. ड्रॅग रेसिंगमध्ये ए, बी, सी ही अक्षरे वजनाला घन इंचांनी भागून ठरत असत. या भागाकाराच्या मर्यादा नियमपुस्तकात वेळोवेळी बदलल्या, म्हणून वर्ष विचारतो आहे.

खारी जमीन :
एवढे अवघड काही नाही. सी म्हणजे ३०६ ते ३७२.९९ घन इंच आणि डी म्हणजे २६१ ते ३०५.९९. मी एका चमूबरोबर पाच वर्षे बॉनव्हिलच्या मिठागरावर, जेथे वेगाचे विक्रम करतात, मदतनीस म्हणून गेलो आहे. तेथे १९४९ पासून 'स्पीड वीक' भरतो, आणि तेथील अक्षर केवळ इंजिनाच्या क्षमतेवरून ठरते, वजनाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. क्षमता सांगा, वर्ग सांगतो.

चौथा गिअर :
इंजिन शेवरलेचे २८३ आहे. म्हणजे दारावर सी असले तरी डी बसते. आभारी आहे, माझ्या दृष्टीने प्रश्न सुटला.

इंचटेप :
प्रश्न सुटलेला नाही. मिठागरावर स्ट्रीट रोडस्टरची खूण 'एसटीआर' असते. आपल्या दारावर 'एसआर' आहे, आणि ती ड्रॅग रेसिंगची खूण आहे. हा गोंधळ जुनाच आहे. मिठागरावरच्या शर्यती घेणाऱ्या, १९३७ साली स्थापन झालेल्या सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनचे पदाधिकारी असलेल्या वॉली पार्क्स यांनीच पुढे १९५१ मध्ये ड्रॅग रेसिंगची नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. दोन्हीकडे अक्षरे तीच दिसतात, पण त्यांमागचे गणित वेगळे आहे. समजा, गाडी २,१०० पौंडांची आहे. २८३ घन इंचांना भागाकार ७.४ येतो, आणि त्याच गाडीत १९५५ चे २६५ घन इंचांचे शेवरले इंजिन बसवले तर तो ७.९ होतो. गाडी तीच राहते, पण वर्ग बदलू शकतो. आपण वजन अजूनही सांगितलेले नाही.

जुना मेकॅनिक :
माझे ऐकाल तर ते २८३ काढून टाका. १९३२ च्या चासीत शेवरले शोभत नाही. मर्क्युरीच्या फ्लॅटहेड (झडपा ब्लॉकमध्येच असलेल्या जुन्या घडणीच्या) व्ही-८ ला १९४९ ते १९५३ च्या काळातील चार इंची स्ट्रोकची क्रँक बसवा आणि सिलिंडरचा व्यास ३⅜ इंच करून घ्या, की २८६ घन इंच होतात. मिठागरावर फोर्ड आणि मर्क्युरीच्या फ्लॅटहेडसाठी 'एक्सएफ' हा स्वतंत्र इंजिनवर्गच आहे. आणि त्या इंजिनाच्या आवाजाची सर दुसऱ्या कशाला येत नाही.

चौथा गिअर :
इंजिन बदलण्याचा प्रश्न मी विचारलेला नाही. आज ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी नेली. अर्ध्या टाकीसह वजन २,१४० पौंड भरले. आता तरी वर्ग सांगा. गाडीला मडगार्ड नाहीत, त्याने काही फरक पडतो का?

इंचटेप :
फरक पडतो का, असे आपण तिसऱ्या खेपेला विचारत आहात! 'एसआर' मधला एस रस्त्याचा आहे. मडगार्ड, दिवे आणि पंपावरचे पेट्रोल असलेली, निदान नावापुरती तरी रस्त्यावर चालेल अशी गाडी त्या वर्गात अपेक्षित होती. मडगार्ड नसलेली आणि इंजिन मागे सरकवलेली गाडी 'ऑल्टर्ड'कडे, म्हणजे जास्त फेरफार केलेल्या गाड्यांच्या वर्गाकडे झुकते, जेथे पुढे बँटम या छोट्या मोटारीसारख्या चिमुकल्या बॉडी लोकप्रिय झाल्या. ऑल्टर्डमध्ये इंजिन चाकांच्या अंतराच्या २५ टक्क्यांपर्यंत मागे घेता येत असे. पुढच्या चाकाच्या स्पिंडलच्या (चाक ज्यावर फिरते त्या आसाच्या) मध्यरेषेपासून सर्वांत पुढच्या स्पार्क प्लगपर्यंत टेप धरा. १९३२ च्या फोर्डचे चाकांमधील अंतर मूळचे १०६ इंच, म्हणजे मर्यादा साडेसव्वीस इंच होते.

लोणावळेकर :
विषय थोडा वेगळा आहे, क्षमस्व. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' होते, तेथे अशी गाडी एकदा तरी पाहायला मिळावी अशी फार इच्छा आहे. जहाजाने पाठवण्याचा विचार केला आहे का?

चौथा गिअर :
नाही. स्पिंडलपासून प्लगपर्यंतचे अंतर साडेनऊ इंच भरले.

फमोसोचा वारकरी :
आपण सर्वजण १९६० च्या दारावर भांडत आहात, आणि अर्ज मात्र आजचा आहे. मी तेथे प्रेक्षक म्हणून बरीच वर्षे जातो. आता जुन्या गाड्यांचे अनेक वर्ग ठरावीक सेकंदांवर चालतात. त्या वेळेच्या जितके जवळ जाल तितके चांगले, पण तिच्याहूनही लवकर पोहोचलात तर 'ब्रेकआउट' धरून बाद ठरता. त्यामुळे दारावर काय लिहिले आहे याने फारसे काही ठरत नाही, गाडीला पाव मैलाला किती सेकंद लागतात याने ठरते. शिवाय रोडस्टर म्हणजे उघडी गाडी. अशा गाडीची वेळ १३.४९ सेकंद किंवा त्याहून कमी असेल तर रोल बार (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारी पोलादी कमान) सक्तीचा आहे, आणि १३.९९ पासून हेल्मेट. २,१४० पौंडांत २८३ असेल तर ही वेळ सहज गाठली जाईल. रोल बार आहे का, आणि तो कशाला बसवलेला आहे?

खारी जमीन :
काहीही झाले तरी दारावरची अक्षरे पुसू नका. नवा वर्ग हवा असेल तर काढता येईल अशा पट्टीवर लिहा. रंग एकदा गेला की गाडीची कुंडली गेली.

इंचटेप :
या एका मुद्द्यावर आमचे एकमत आहे, याची नोंद घ्यावी.

चौथा गिअर :
दोन गोष्टी कळवतो. गॅरेजच्या छताखालच्या तुळयांवर चारही मडगार्ड कापडात गुंडाळून ठेवलेले सापडले, आणि बॉडीवरच्या भोकांशी ते तंतोतंत जुळतात, तेव्हा 'एसआर' खरे असावे. दुसरी गोष्ट तितकी आनंदाची नाही. रोल बार आहे, पण तो चासीला जोडलेला नाही, फरशीच्या पत्र्याला चार बोल्टांनी आवळलेला आहे.

फमोसोचा वारकरी :
मग मार्चचा विचार सोडा. चासी असलेल्या गाडीचा रोल बार चासीलाच जोडलेला असावा लागतो, पत्र्यावरचा बार तपासणीत पहिल्याच मिनिटाला नाकारतील. पावणेदोन इंच व्यासाची, ०.११८ इंच जाडीची साध्या पोलादाची नळी घ्या आणि जाणकार वेल्डरकडून बसवून घ्या. ऑक्टोबरमध्ये त्याच फमोसोला हॉट रॉड रियुनियन हा जुन्या शर्यती गाड्यांचा मेळावा भरतो, तोवर आरामात होईल.

चौथा गिअर :
ठीक आहे. मार्चमध्ये तिकीट काढून पाहायला जातो, गाडी ऑक्टोबरला नेईन. रकाना तोवर कोराच ठेवतो.

इंचटेप :
आणि २,१४० ला २८३ ने भागले तर ७.५६ येतात. सी हे अक्षर याच इंजिनासाठी रंगवले होते की आधीच्या दुसऱ्या एखाद्या, हे ब्लॉकच्या मागच्या बाजूला असलेल्या ओतकामाच्या क्रमांकावरून आणि तारखेवरून शोधता येईल. तो क्रमांक आपण अजून कळवलेला नाही.