शब्दचर्चा: 'एन्मास्कारादो'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: 'सान्तो विरुद्ध व्हॅम्पायर स्त्रिया' या १९६२च्या मेक्सिकन चित्रपटाची मराठी सबटायटल्स करतेय. त्यात पैलवान सान्तोचं बिरुद आहे 'एल एन्मास्कारादो दे प्लाता', स्पॅनिशमध्ये 'चांदीचा मुखवटा घातलेला'. 'रुपेरी बुरखाधारी' लिहिलं, खोडलं. 'मुखवटेवाला' लिहिलं, तेही पटेना. शिवाय 'रुदो' आणि 'तेक्निको' या पैलवानांच्या दोन प्रकारांना काय म्हणू? खलनायक आणि नायक चालेल का?

उत्तर: 'बुरखाधारी' नकोच, बातमीतला दरोडेखोर डोळ्यांसमोर येतो. 'मुखवटा' बरा, पण त्यातही अडचण आहे. मुखवटा गळून पडला, मुखवट्यामागचा खरा चेहरा... बोलताना आपण चेहरा खरा आणि मुखवटा खोटा धरून चालतो. लुचा लिब्रेत, म्हणजे मेक्सिकोच्या मुखवट्यांच्या कुस्तीत, नेमकं उलट आहे. तिथे मुखवटा ही पैलवानाची अब्रू. पैजेच्या कुस्तीत हरणाऱ्याला तो सगळ्यांसमोर उतरवावा लागतो. ७ नोव्हेंबर १९५२ला सान्तोनं ब्लॅक शॅडो या पैलवानाचा मुखवटा असाच उतरवला. सान्तोनं स्वतःचा मात्र कधी गमावला नाही. जानेवारी १९८४मध्ये टीव्हीवर त्यानं तो जरासा वर केला, ५ फेब्रुवारीला सान्तो वारला आणि मुखवट्यासकटच त्याला पुरलं. तुमच्या चित्रपटातही व्हॅम्पायर त्याला पकडतात, मुखवट्याला हात घालतात आणि तेवढ्यात उजाडतं. तिथे प्रेक्षकाचा जीव वर-खाली होतो तो अब्रूसाठी. सबटायटलमध्ये हे पोचलं पाहिजे.

दुसरं उत्तर: मराठीत मुखवटा नेहमी खोटाच असतो, हे मला मान्य नाही. गौरीचे मुखवटे आपण बसवतो ते काय खोटे म्हणून? पालखीत देवाचा चांदीचा मुखवटा निघतो तेव्हा लोक हात जोडतात, त्यामागे कोण आहे असं कुणी विचारत नाही. 'सान्तो' म्हणजे संत आणि 'प्लाता' म्हणजे चांदी. सरळ 'चांदीच्या मुखवट्याचा सान्तो' लिहा. 'रुपेरी'नं सिनेमाचा पडदा आठवतो, 'चांदीचा' म्हटलं की देव्हारा.

नायक-खलनायक मात्र लिहू नका. तेक्निको म्हणजे नियमांत राहून डावपेचांवर खेळणारा, रुदो म्हणजे दांडगाई करणारा. रुदोचेही जिवापाड चाहते असतात. सान्तो स्वतः १९४२ पासून आखाड्यात रुदोच होता, तेक्निको झाला १९६२च्या सुमारास. मी 'डावबाज' आणि 'दांडगा' सुचवेन. 'रांगडा' नको, त्यात आपल्याकडे कौतुक आहे.

प्रश्नकर्ती: 'डावबाज' घेतला! पण चित्रपटाच्या राजकारणाचं काय? सान्तो दुबळ्यांचा कैवारी म्हणवतो, आणि कायम इन्स्पेक्टर आणि प्राध्यापकांच्या बाजूला उभा दिसतो. मग 'लोकनायक' म्हणावं का?

पहिलं उत्तर पुन्हा: नको. सान्तोच्या चित्रपटांत पोलीस अपुरे पडतात, पण वाईट नसतात. सरकारला जाब कुणी विचारत नाही. संकट येतं ते थडग्यातून, परग्रहावरून किंवा माथेफिरू शास्त्रज्ञाकडून. सान्तो प्रयोगशाळेतली यंत्रं वापरतो आणि क्रुसाचं सामर्थ्यही मानतो. विज्ञान, धर्म आणि पोलीस यांचं भांडणच नाही. ऑक्टोबर १९६८मध्ये मेक्सिको सिटीत त्लातेलोल्कोच्या चौकात निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर सरकारी गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतरही हे चित्रपट राक्षसांशीच लढत राहिले. मला हे खटकतं, कारण त्यांचा प्रेक्षक कष्टकरी वस्त्यांतलाच होता.

नीतीचंही तसंच. ड्रॅक्युलाच्या खजिन्यावरचा त्याचा चित्रपट १९६८मध्ये दोन प्रकारे तयार झाला: मेक्सिकोसाठी अंगभर कपड्यांतला, परदेशासाठी नग्न दृश्यांचा. मायदेशातल्या प्रेक्षकांसमोर सान्तो संत राहायलाच हवा होता.

'लोकनायक' शोभेल तो सुपरबारिओला. १९८५च्या भूकंपानंतर मेक्सिको सिटीत घरांसाठी चळवळ उभी राहिली. त्यातून १९८७मध्ये लाल-पिवळ्या वेषातला हा मुखवटेधारी आला आणि भाडेकरूंना घराबाहेर काढणाऱ्यांसमोर उभा ठाकला. सान्तोनं लोकांच्या मनात मुखवट्याचा मान तयार केला होता, म्हणून ते जमलं. सान्तोसाठी साधं 'रक्षक' पुरेसं आहे.

दुसरं उत्तर पुन्हा: आणि नावाचं भाषांतर करू नका. इंग्रजी डबिंगमध्ये त्याला 'सॅमसन' केलं, त्यात ताकद उरली आणि संतपण गेलं. 'संत' लिहिलंत तर आपला वाचक वारकरी समजेल. 'सान्तो'च ठेवा, पहिल्यांदा नाव येईल तिथे 'चांदीच्या मुखवट्याचा' जोडा.