सोसायटी ग्रुप : सोलरची बॅटरी जिन्याखाली ठेवायची का?

सचिव : सोलरच्या कोटेशनमध्ये ४० युनिटची लिथियम बॅटरी दाखवलीय, जागा 'जिन्याखाली'. ज्यांना यातलं कळतं त्यांनी मीटिंगच्या आधी इथेच लिहा.

मंदार (सी-३०१) : जिन्याखाली अजिबात नको. जिना एकच, तोही लाकडी. लिथियमचा सेल आतून बिघडला की बऱ्याचदा ज्वाळेआधी वायू सुटतो. त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, थोडा हायड्रोजन फ्लोराइडही असतो. म्हणजे ज्या वाटेने सगळे खाली उतरणार, तीच धुराने भरणार.

सुनंदाताई (ए-१०२) : अरे पण ही एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे ना? तो सोलरवाला म्हणाला पेटतच नाही.

मंदार (सी-३०१) : ताई, एनएमसीपेक्षा (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली लिथियम बॅटरी) जास्त तापमानाला बिघडते आणि उष्णता कमी सोडते, इथपर्यंत त्याचं बरोबर. पण वायू ज्वलनशीलच. ॲरिझोनात सरप्राइज इथे एप्रिल २०१९ मध्ये बंद बॅटरीघरात वायू कोंडला, दार उघडल्यावर थोड्याच वेळात स्फोट झाला आणि अग्निशमनचे जवान जखमी झाले. बॅटरी एनएमसी होती, पण बंद खोलीत वायू कोंडण्याचा धोका एलएफपीलाही आहेच.

शिरीषकाका (बी-२०१) : वजन कोणी बघितलंय का? ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरचं एक मोड्यूल म्हणजे ५.१२ युनिट, वजन ४५-५० किलो. ४० युनिटला आठ लागतात. रॅक धरून ४५० किलो, तेही ६० बाय ६० सेंटिमीटरवर. चौरस मीटरला साडेबाराशे किलो पडले. राहत्या घराची जमीन साधारण २०० किलोच्या हिशोबाने धरतात. आपल्या तुळयांची टोकं भिंतीत आहेत, ती आतून कुजली तर वरून दिसतसुद्धा नाही. त्यामुळे वरचे मजले विसरा. चुन्यातल्या भिंतीवर टांगणंही विसरा, अँकर धरत नाही.

प्रिया (ए-३०४) : मग गच्ची?

शिरीषकाका (बी-२०१) : वजन तेवढंच, वर ऊन. सतत ४० अंशांत राहिली की बॅटरी लवकर म्हातारी होते. तळघरात पाणी येतं, तेही बाद. मागच्या चौकातली मीटर रूमशेजारची खोली बघा. दार बाहेर चौकात उघडणारं हवं, झरोका वर एक खाली एक. जोतं पाणी चढतं त्या खुणेपेक्षा किमान ३० सेंटिमीटर उंच.

मंदार (सी-३०१) : +१. एनएफपीए ८५५ या अमेरिकी मानकात घरगुती बॅटरीचा एक संच २० किलोवॅट-तासांपर्यंत (म्हणजे विजेचे २० युनिट), आणि दोन संचांत ३ फूट अंतर. त्या खोलीत एवढी मोकळी जागा नाहीच. म्हणून आधी गरजेचा हिशोब मांडा, ४० कुठून आले ते तरी कळेल.

प्रिया (ए-३०४) : मांडते. जिन्याचे २० दिवे, ९ वॅटचे, १० तास = १.८ युनिट. कॅमेरे आणि राउटर मिळून ६० वॅट, १४ तास = ०.८४. रात्रीचे झाले २.६४. एका मोड्यूलमधून ९०% उपसा आणि इन्व्हर्टरची गळती धरून सव्वाचारच्या आसपास हातात येतात. ढगाळ दिवसासाठी दुसरं घ्या, १० युनिटांत काम झालं.

सुनंदाताई (ए-१०२) : पंप राहिला की.

प्रिया (ए-३०४) : पंप मुद्दामच नाही धरला, ताई. २ एचपीची सिंगल फेज मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होईल. पंप ग्रिडच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या, बाजूला ठेवायचा आणि टायमरने दुपारी १२ ते २ चालवायचा. सोलरची वीज भर दुपारी टाकीत गेली म्हणजे तेवढी बॅटरी वाचली. गीझरचंही तेच: २०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला ९ युनिटांहून जास्त लागतात. चांगलं इन्सुलेशन असलेली टाकी दुपारी तापवली तर बऱ्याच घरांची संध्याकाळची अंघोळ त्यातच निघते, आणि तिला आगीची भीती नाही.

सचिव : लिफ्ट?

मंदार (सी-३०१) : बॅटरीवर नको, थ्री फेज आहे. तिच्या एआरडीची (वीज गेल्यावर लिफ्ट हलवणारं उपकरण) छोटी बॅटरी मधे अडकलेल्याला जवळच्या मजल्यावर आणते, ती तेवढी तपासून घ्या.

शिरीषकाका (बी-२०१) : वायरिंगवर कोटेशनात एक ओळ नाही.

मंदार (सी-३०१) : तिथेच घोळ होतात. ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टरचा न्यूट्रल तरंगता राहिला, म्हणजे अर्थला जोडलेला नसला, तर गळक्या करंटला परतीची वाट मिळत नाही आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत नाही. कायमचा अर्थला जोडला तर ग्रिड असताना दोन ठिकाणी जोड होतो, मग उगाच पडत राहतो. त्यासाठी रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, लागतो: ग्रिड तुटला की जोडणारा, आला की सोडणारा. बऱ्याच हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारे) असतो, पण सेटिंगमध्ये बंद. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून हे कळत नाही, कारण ते फेज-न्यूट्रलमध्येच करंट फिरवतं. बॅकअपवर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा, शून्याच्या जवळ हवं.

मंदार (सी-३०१) : आणि डीसी बाजू. ५ किलोवॅट ५१ व्होल्टवर म्हणजे १०० अँपिअर. लग (केबलच्या टोकाची कडी) सैल राहून १ मिलिओहम रोध आला तरी त्या एका जोडावर १० वॅट उष्णता. स्लीव्ह आधी तपकिरी होते, मग वास येतो. टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळायचं, महिन्याने पुन्हा तपासायचं. केबल ३५ स्क्वेअर एमएम तांब्याची, फ्यूज क्लास टी, म्हणजे मोठा शॉर्ट करंट तोडणारा. शॉर्टमध्ये एलएफपी हजारो अँपिअर सोडते, साधा फ्यूज ते तोडेलच असं नाही. एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा ब्रेकर) डीसीला लावलेला दिसला तर काम थांबवा.

सुनंदाताई (ए-१०२) : स्क्रीनवर ४०% असताना एकदम ८% होतं, ते का?

प्रिया (ए-३०४) : एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, म्हणून बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्का काढतो. चूक साठत जाते. दोन आठवड्यांतून एकदा १०० टक्के भरू द्यायची, मोजणी जागेवर येते आणि सेलही सारखे होतात.

सचिव : म्हणजे १० युनिट, चौकातली खोली, पंप-गीझर दुपारी. नवीन कोटेशनात काय मागू?

मंदार (सी-३०१) : सिंगल लाइन डायग्राम (सगळ्या जोडणीचा साधा नकाशा), केबल-फ्यूजचे साइझ, सेलचं आयईसी ६२६१९ (सुरक्षेचं मानक) सर्टिफिकेट आणि यूएल ९५४०ए (आग पसरते का ते बघणारी) चाचणीचा अहवाल. मेन बंद करायचा स्विच खोलीच्या बाहेर. दारावर पाटी: उन्हात पॅनेलच्या वायरा चालूच असतात. पावडरचा सिलिंडर ज्वाळा विझवतो, सेल थंड करत नाही, हेही अग्निशमनवाल्यांना आधीच खोली दाखवताना सांगा.

शिरीषकाका (बी-२०१) : खोलीतल्या जुन्या सायकली आणि रंगाचे डबे आधी कोण हलवणार, ते ठरवा.