बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉप म्हणून निवडलेले खेळाडू पुढे जागा का बदलतात?

दुसरा_बेस: ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकांची) रांग लागलेली असते, आणि पुढे त्यातले कितीतरी जण दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर नाहीतर आउटफिल्डमध्ये (मागच्या मैदानात) दिसतात. हे कशावरून ठरतं? मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या, तयारीच्या लीगमध्ये) चुका फार झाल्या की हलवतात का?

घड्याळवाला: नुसत्या चुकांवरून नाही. पुढे यांकीजचा नामांकित शॉर्टस्टॉप झालेल्या डेरेक जीटरच्या १९९३ साली ग्रीन्सबरो या मायनर लीग संघात ५६ चुका झाल्या, तरी यांकीजनी त्याला हलवलं नाही. चुका सरावाने कमी होतात. पाय आणि खांदा यांना मर्यादा असते.

हिशोब घड्याळाचा आहे. उजव्या हाताने खेळणारा बॅटर साधारण ४.३ सेकंदांत पहिल्या बेसवर पोचतो, डावखुरा त्याहून थोडा लवकर. तेवढ्यात चेंडू गाठायचा, ग्लोव्हमधून हातात घ्यायचा आणि फेकायचा. तिसऱ्या बेसच्या बाजूला खोलवर बॅकहँडने (ग्लोव्ह शरीरासमोरून आडवा नेऊन) अडवलेला चेंडू १२० फुटांहून लांब फेकावा लागतो. उजवा पाय रोवून तिथूनच थ्रो सुटला तर बॅटर बाद. तोल सावरायला एक पाऊल जास्त पडलं आणि पाव सेकंद गेला, तर धावणारा सहा फूट पुढे गेलेला असतो.

म्हणून पाय मंदावले पण हात दणकट असला तर तिसरा बेस. हात कमी पडला तर दुसरा, कारण तिथून थ्रो जवळचा. वेग भरपूर असेल तर सेंटर फिल्ड, म्हणजे आउटफिल्डचा मधला भाग.

सहा_वर्षं: यात कराराचंही गणित आहे. लॅटिन अमेरिकेतली मुलं सोळाव्या वर्षी करार करतात, अमेरिकेतली अठराव्या वर्षी किंवा कॉलेजनंतर. मग मायनर लीगच्या चढत्या पायऱ्या: कॉम्प्लेक्स लीग, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. खरी चाळणी डबल-एला लागते. वरच्या संघात शॉर्टस्टॉपची जागा एकच आणि ती बहुधा भरलेली, त्यामुळे पोराला दुसरा-तिसरा बेसही खेळायला लावतात. त्यात कमीपणा काही नाही, उलट वर जायचा रस्ता मोकळा होतो.

फ्री एजन्सीला, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायची मोकळीक मिळायला, मेजर लीगमधली सहा वर्षं लागतात, १७२ दिवसांचं एक वर्ष धरतात. बावीसाव्या वर्षी वर आलेला खेळाडू अठ्ठाविशीत बाजारात येतो आणि लांबलचक करार पाय मंदावायच्या वयात जातो. शॉर्टस्टॉप झँडर बोगार्ट्सने पॅड्रेज संघाशी ११ वर्षांचा करार केला आणि दुसऱ्याच हंगामात, २०२४ला, संघातल्या किम हा-सॉन्गला शॉर्टस्टॉपची जागा देण्यासाठी तो दुसऱ्या बेसवर गेला. २०२५मध्ये परत शॉर्टस्टॉपला आला, तेव्हा हा रस्ता एकेरीही नाही.

घड्याळवाला: बोगार्ट्सचं उदाहरण चपखल. त्यात रॉबिन यौंटची भर घाला. खांद्याच्या दुखण्यामुळे तो १९८५ला आउटफिल्डमध्ये गेला. १९८२चा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा किताब) शॉर्टस्टॉप म्हणून, १९८९चा सेंटर फिल्डर म्हणून! उलट शॉर्टस्टॉप ऑझी स्मिथचा खांदा १९८५ला दुखावला, तरी त्याने चेंडू फेकायची पद्धत बदलून जागा राखली.

दुसरा_बेस: मग सामना बघताना हे आधी ओळखायचं कसं?

घड्याळवाला: पिचरने चेंडू टाकण्याआधी शॉर्टस्टॉप किती मागे उभा राहतो ते बघा. हातावर भरवसा असलेला खोल उभा राहतो. महिन्या-दोन महिन्यांत तो पुढे सरकला आणि बॅकहँडचे थ्रो पहिल्या बेसमनकडे टप्पा घेऊन यायला लागले, की हात थकत चाललाय. २०२३पासून शिफ्टवर (बॅटर बघून इनफिल्डर एका बाजूला गोळा करण्यावर) बंधन आहे, दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) लागतात. त्यामुळे अपुरा पल्ला आता लपवता येत नाही.