मदत हवी आहे: जुन्या पिकअपची बॅटरी चार्ज होत नाही
माझ्या जुन्या डिझेल पिकअपमध्ये इंजिन चालू असताना अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) मुख्य टर्मिनलवर १४.३ व्होल्ट मिळतात, परंतु हेडलाइट लावल्यावर बॅटरीच्या टोकांवर जेमतेम १२.४ व्होल्ट दिसतात आणि डॅशबोर्डवरील चार्जिंगचा दिवा मंद पेटलेला राहतो. बॅटरी नवी आहे, पट्टा ताणलेला आहे, आणि कुर्ल्यातील इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटरचे कार्बन ब्रश व रेग्युलेटर (व्होल्टेज नियंत्रित करणारा भाग) बदलले आहेत. आता नवा अल्टरनेटरच बसवा, हा त्याचा सल्ला मला पटत नाही, कारण वरील आकडे पाहता अल्टरनेटर पुरेसे व्होल्ट देतो, पण ते बॅटरीपर्यंत पोहोचत नाहीत. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातील व्होल्टेजचा फरक जवळजवळ शून्य असल्याने अर्थिंगविषयी शंका नाही. या मॉडेलचे वायरिंग हार्नेस (गाडीतील वायरींचा तयार जुडगा) आता सहज मिळत नाही. फ्युजिबल लिंकवर (जास्त प्रवाह आल्यास वितळून तुटणाऱ्या संरक्षक तारेवर) संशय असल्यास, केवळ तपासणीपुरती योग्य क्षमतेचा फ्यूज असलेली जाड वायर अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत थेट जोडणे सुरक्षित ठरेल का?