लांब उडी: फळी काढून 'टेकऑफ झोन' आणावा का?

वाळूतला
फेब्रुवारी २०२४ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने उडी घेताना पाय टेकवायच्या २० सेंमीच्या फळीऐवजी ४० सेंमीचा झोन (पट्टा) आजमावायचं जाहीर केलं. झोनमध्ये पाय जिथे पडेल तिथून अंतर मोजायचं. कारण २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत सुमारे एक तृतीयांश उड्या फाऊल (पाय फळीपुढे गेल्याने बाद) गेल्या होत्या. अमेरिकेचा जुना ऑलिंपिक विजेता कार्ल लुईसने थट्टा केली, ग्रीसचा ऑलिंपिक विजेता टेंटोग्लू म्हणाला की मग मी तिहेरी उडीकडे वळेन. मला मात्र कल्पना पटते. फळीच्या पुढच्या कडेपासून १५ सेंमी मागे पाय पडला तर ८.२० मीटरची उडी कागदावर ८.०५ होते. उडी मोजायची की पायाचा नेम?

सहावी फेरी
दोन्ही! नेम वेगळा काढताच येत नाही. १८ ते २२ पावलांचा रन-अप, शेवटी सेकंदाला १० मीटरच्या आसपास वेग, आणि त्यातच शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब टाकून कंबर खाली आणायची, शेवटचं आखूड टाकून उसळायचं. फळी शोधायला पाऊल ताणलं तर पाय शरीराच्या फार पुढे पडतो आणि ब्रेक लागतो. बारीक पावलं टाकली तर वेग मरतो. हे न बिघडवता कडेवर पोचणं हीच तर लांब उडी. झोन दिलात की उरतं जोरात पळणं आणि उडणं.

आणि बरेच फाऊल सरावाने कमी होतात. फळीच्या चार-सहा पावलं आधी चेक मार्क (तपासणीची खूण) ठेवा, प्रशिक्षकाने तिथे नजर ठेवावी. तिथेच पाय पुढे पडत असेल तर सुरुवातीची खूण तेवढी मागे घ्या. चेक मार्क बरोबर लागूनही फाऊल होत असेल, तर घोळ शेवटच्या पावलांत आहे, खूण हलवून काही होणार नाही. आपल्याकडे सर्रास उलटं चालतं: फाऊल झाला की खूण मागे.

फक्कीवाला
पण 'मग ती लांब उडीच नाही' हे कसं मान्य करायचं? पॅरा ॲथलेटिक्समध्ये टी११ आणि टी१२ या दृष्टिबाधित गटांत १ मीटर बाय १.२२ मीटरचा टेकऑफ भाग असतोच. त्यावर पावडर टाकतात, ठसा उमटतो, तिथून मोजतात. त्याच्या आधीच उडी मारली तर मागच्या कडेपासून मोजणी. कॅमेरेही लागत नाहीत, आपल्या मैदानावरची फक्की पुरते.

एक सेंटिमीटर
विक्रमांचं काय? बॉब बीमनचे ८.९० (१९६८) आणि माईक पॉवेलचे ८.९५ मीटर (१९९१) हे जागतिक विक्रम फळीच्या कडेपासून मोजलेत. झोनमधल्या ८.९६ ला त्याच यादीत बसवणार?

वाळूतला
नवी यादी करा. भालाफेकीत १९८६ साली भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला तेव्हा पुरुषांचे विक्रम नव्याने सुरू केलेच ना. आणि फाऊलचा नियमही कुठे स्थिर आहे? नोव्हेंबर २०२१ पर्यंत रेषेपलीकडे जमिनीला किंवा तिथल्या प्लॅस्टिसिनला (ठसा उमटणारी मऊ माती) स्पर्श व्हावा लागे, आणि ते ४५ अंशांत तिरपं असल्याने बुटाचं टोक थोडं पुढे झुकलं तरी चाले. आता टेकऑफ रेषेवरची उभी पातळी बुटाने ओलांडली की लाल झेंडा.

सहावी फेरी
म्हणजे जाच २०२१ च्या बदलाचा असेल तर तो मागे घ्या, फळी कशाला काढता? आणि फक्कीवाले, तालुक्याच्या स्पर्धेत ३० मुलं, प्रत्येकी तीन उड्या: ९० वेळा ठसा शोधा, मोजा, पुन्हा फक्की मारा. शिवाय पंज्याने फक्की फरफटते, टोक नेमकं कुठे हे ठरवताना एक-दोन सेंमी सहज इकडेतिकडे. आणि थोड्या सेंमींवरही पदक फिरतं: टोकियो ऑलिंपिकमध्ये टेंटोग्लू आणि क्युबाचा एचेवारिया दोघेही ८.४१ वर होते, सुवर्ण दुसऱ्या सर्वोत्तम उडीवर गेलं, ८.१५ विरुद्ध ८.०९.

फक्कीवाला
तिथे कॅमेरे होते, फक्की नव्हे. तालुक्यात आजही पंच वाकून डोळ्यानेच फाऊल ठरवतो, त्यात एक-दोन सेंमी इकडेतिकडे होत नाहीत का?