मदत हवी आहे: लिझ्यूच्या संत तेरेजाचा 'छोटा मार्ग' नक्की कसा समजून घ्यायचा?

नमस्कार मंडळी, सध्या फ्रान्सच्या संत तेरेजाबद्दल वाचतेय आणि एका ठिकाणी अडकलेय. ही मुलगी १८८८ मध्ये १५ व्या वर्षी लिझ्यूच्या कार्मेल मठात (कॅथलिक नन्सचा, जगापासून अलिप्त राहणारा मठ) गेली आणि १८९७ मध्ये २४ व्या वर्षी टीबीने गेली, जिवंतपणी ना चमत्कार ना मोठं कार्य, तरी १९२५ ला संतपद! तिचा छोटा मार्ग म्हणजे साधी कामं प्रेमाने करणं, इथपर्यंत कळतं. तो कपडे धुतानाचा प्रसंग तर डोक्यातून जातच नाही, समोरची सिस्टर रुमाल आपटतेय, घाण पाणी हिच्या तोंडावर उडतंय आणि ही मागे सरकायची ती मुद्दाम तिथेच उभी (मी असते तर भांडलेच असते).

पण १८९६ च्या ईस्टरपासून शेवटपर्यंत तिला स्वर्ग आहे की नाही हाच प्रश्न छळत होता, सगळा अंधार. मग देवाच्या कुशीत लहान मुलासारखं निर्धास्त राहायचं म्हणणारी ती आणि ही, दोघींचा मेळ कसा घालायचा? तुमच्यापैकी कुणी रोजच्या प्रार्थनेत हा मार्ग धरलाय का? आणि तिची पत्रं आधी वाचू की आत्मचरित्र?